जपानमध्ये हलाल जेवण: मांस टाळता येईल, पण मिरिनचं काय करायचं?

मुसाफिर७८६

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार.

एप्रिलमध्ये अम्मी-अब्बांना घेऊन जपानला जायचं ठरतंय. टोकियो, क्योटो, ओसाका आणि मध्ये डोंगरातल्या एका र्योकानमध्ये (पारंपरिक जपानी सराईत) मुक्काम. डुक्कर नको, हलाल नसलेलं मांस नको, इथवर सरळ आहे. माशांवर दिवस काढू असा विचार होता. पण जितकं वाचावं तितकं मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), साके (तांदळाची दारू), सोया सॉसमधलं अल्कोहोल असं एकेक निघत जातंय. मग बाहेर खायचं तरी काय?

रोज भारतीय किंवा पाकिस्तानी हॉटेल शोधून बिर्याणी खायची नाही. इतक्या लांब जाऊन जपानी जेवणच जेवायचंय. सुशी, टेम्पुरा (पिठात बुडवून तळलेलं), सोबा आणि रामेन (रश्शातल्या शेवया) यांतलं काय जमेल आणि काय नाही? दुकानातल्या पाकिटावर काय बघायचं? र्योकानला आधी काय कळवायचं? ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी सांगा. "मासे खा, काही होत नाही" एवढं ऐकून झालंय.

डाशीवाला

वालेकुम अस्सलाम. तुमची माशांची कल्पना अर्धीच बरोबर आहे. जपानी ताटात मासा दिसतो, पण तो ज्या रसात शिजतो किंवा ज्यात बुडवून खातात तिथे घोळ असतो. म्हणून "यात मांस आहे का?" या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. रसाबद्दल विचारा.

अस्सल मिरिनमध्ये, म्हणजे होन-मिरिनमध्ये, साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. दुकानात "मिरिन-फू" नावाची स्वस्त नक्कल मिळते, तिच्यात १ टक्क्यापेक्षा कमी. स्वयंपाकाची साके, र्योरिशु, हीसुद्धा दारूच. पिण्याजोगी राहू नये म्हणून तिच्यात मीठ घातलेलं असतं, एवढाच फरक. सोया सॉस, मिरिन आणि साखर एकत्र मुरवून जो अर्क करतात त्याला काएशि म्हणतात. सोबा-उदोनच्या रश्शात तोच, टेम्पुराच्या बुडवण्यात तोच, भातावरच्या गोडसर सॉसमध्येही तोच. उदोनच्या शेवया म्हणजे नुसतं पीठ, मीठ, पाणी. हरकत त्याखालच्या रश्शाला. "शिजताना अल्कोहोल उडून जातं" असं वाढणारा सांगेल. ते सगळं उडत नाही, आणि उडालं तरी दारू घालून शिजवलेलं म्हणून ज्यांना चालत नाही त्यांचा प्रश्न तसाच राहतो.

सोया सॉसचं वेगळं आहे. तो आंबवूनच होतो, त्यामुळे वरून काही न घालता त्यात २ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. शिवाय बऱ्याच बाटल्यांत टिकण्यासाठी वेगळं अल्कोहोल घालतात, लेबलवर ते "शुसेई" किंवा सरळ "आरुकोरु" म्हणून येतं. आंबवण्यातून आपोआप आलेलं चालतं असं म्हणणारे आलिम (धर्मपंडित) पुष्कळ आहेत, वरून घातलेल्याबद्दल मतं फुटतात. हे निघण्याआधी घरात ठरवून टाका. हॉटेलच्या दारात अम्मी एक म्हणणार आणि तुम्ही दुसरं, तर जेवण राहील बाजूला.

डाशी, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं पाणी, कोंबु शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचं. घरी केलं तर स्वच्छ. तयार भुकटीत मात्र इतर अर्क मिसळलेले असू शकतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूपही बहुतेक ठिकाणी माशाच्या डाशीचंच, पण तोंजिरु नावाचं मिसो सूप आलं तर त्यात डुक्कर असतं. मिसोच्या डब्यातही आंबणं थांबवायला कधी कधी शुसेई घालतात.

बॅकपॅकबाबा

भाई, इतकं डोक्यात घेऊ नका. सुशी खा. भात, मासा, विषय संपला.

डाशीवाला

@बॅकपॅकबाबा, विषय संपत नाही हो. सुशीच्या काउंटरवरच बघू.

भातात सुशीचं व्हिनेगर असतं: तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ. तांदळाचं व्हिनेगर दारूतून बनलं तरी बनताना तिचा सिरका (व्हिनेगर) होतो, आणि सिरका चालतो. पण काही ठिकाणी त्याच मिश्रणात मिरिनही ढकलतात, म्हणून विचारायचं. टूना, सामन, ताई, हामाची हे कच्चे तुकडे निर्धास्त घ्या. तामागो, म्हणजे ते गोड अंडं, जवळजवळ नेहमी मिरिन घालून करतात. उनागी आणि आनागो या वामांवर जो काळसर चकचकीत सॉस फासलेला असतो तो मिरिन आणि साकेचा. इकुरा, म्हणजे सामनची नारिंगी अंडी, सोया सॉस, साके, मिरिनमध्ये मुरवलेली असतात. दिसायला नुसती अंडी, त्यामुळे इथेच लोक फसतात. इनारीचं तळलेलं टोफू गोड रसात उकळलेलं. कानिकामा, म्हणजे खेकड्याच्या नावाने खपणारी लाल-पांढरी कांडी, तिच्यातही मिरिन असतं. नेगितोरोच्या खिम्यात मऊपणासाठी तेल किंवा चरबी मिसळतात, ती कसली ते कळल्याशिवाय नको.

शिवाय तुम्ही हनफी मजहबचे (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेचे) असाल तर टाको (ऑक्टोपस), इका (स्क्विड) आणि शिंपले बाजूला ठेवावे लागतील. कोळंबीबद्दल हनफींमध्येही दोन मतं आहेत. शाफई, म्हणजे दुसऱ्या एका मजहबचे असाल तर ही अडचणच नाही.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे साशिमी (नुसते कच्च्या माशाचे तुकडे), साधा भात आणि स्वतःची हलाल सोया सॉसची बाटली. साधा भात म्हणजे "शिरोगोहान". सुशीचा भात आणि तो वेगळे. टेबलावरचा सोया सॉस कुठला, त्यात काय, हे विचारण्यापेक्षा बाटली काढणं सोपं. वाढप्याला एकदा दाखवून परवानगी घ्या म्हणजे झालं.

भाजलेला मासा मागताना एक खाचखळगा आहे. शिओयाकी म्हणजे नुसता मिठाचा मासा, असा समज असतो. पण वास जावा म्हणून भाजण्याआधी त्यावर साके शिंपडायची पद्धत आहे, आणि हे मेन्यूवर कुठेच येत नाही. म्हणून सांगा: "ओसाके ओ फुराझुनि, शिओ दाके दे याइते कुदासाइ", म्हणजे साके न शिंपडता फक्त मिठावर भाजा. तेरियाकी, साइक्यो-याकी, निझाकाना या नावांना हात लावू नका, त्यांत दारू असतेच.

टेम्पुराचं सांगतो. फक्त टेम्पुराच विकणारं दुकान निवडा. तिथल्या कढईत भाज्या आणि मासळी तळतात, डुक्कर येण्याचं कारण नसतं. सगळंच मिळतं अशा फॅमिली रेस्तराँत तोंकात्सु (डुकराचं कटलेट) आणि टेम्पुरा एकाच तेलात पडू शकतात. सोबत येणारा तेंत्सुयु (बुडवायचा रस) परत करा आणि "शिओ दे ओनेगाइ शिमासु" म्हणा, मीठ आणून देतात. टेम्पुरा मिठाबरोबर खाणारे जपानीही भरपूर, त्यामुळे कुणी चमकून बघणार नाही. पिठात किंवा तळायच्या तेलात काही आहे का ते तरीही विचारा.

लेबलवाचक

दुकानांबद्दल लिहितो, कारण प्रवासात निम्मी पोटपूजा कोंबिनीतच, म्हणजे दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानांतच होते.

पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मध्ये एक तिरकी रेघ येते, तिच्यानंतर ॲडिटिव्ह. घातलेलं अल्कोहोल बहुतेक वेळा त्या रेघेनंतर सापडतं, म्हणून पहिली ओळ वाचून पाकीट टोपलीत टाकू नका. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करा, पण पाकीट ताणून सपाट धरून आधी फोटो काढा आणि मग त्या फोटोचं भाषांतर करा. ओनिगिरीच्या (भाताच्या गोळ्याच्या) सुरकुतलेल्या प्लास्टिकवर थेट कॅमेरा धरला तर काहीही भलतं वाचतो.

ॲलर्जीच्या यादीवर भिस्त ठेवणारे खूप. जपानमध्ये अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड ही नावं छापणं सक्तीचं आहे. डुक्कर, गोमांस, कोंबडी आणि जिलेटिन हे "शिफारस" केलेल्या यादीत येतात, म्हणजे कंपनीने छापलं तर छापलं. यादीत डुक्कर दिसलं तर पाकीट ठेवून द्या, पण दिसलं नाही म्हणजे आत नाही असं होत नाही.

बघायचे शब्द: बुता (डुक्कर), पोकु एकिसु (डुकराचा अर्क), रादो आणि तोंशि (डुकराची चरबी), झेराचिन, शुसेई, योशु (विदेशी दारू, केक-चॉकलेटमध्ये), मिरिन, र्योरिशु. हे सगळे जपानी लिपीत एका कार्डावर लिहून फोनमध्ये ठेवा आणि पाकिटाशी चित्र जुळवल्यासारखे जुळवा. दुसरा गट संशयाचा: न्यूकाझाई (इमल्सिफायर), शोतोनिंगु (शॉर्टनिंग) आणि प्रथिनांचं जलविघटन करून काढलेला चवीचा पदार्थ. हे वनस्पतीचेही असतात, प्राण्याचेही, आणि लेबल ते सांगत नाही. पाव, मेयॉनीज, चिप्स यांत हेच असतात. कंपनीच्या ग्राहक-क्रमांकावर विचारणारे लोक आहेत, पण तो फोन जपानीत करावा लागतो.

ओनिगिरीत टूना-मेयो सगळ्यांना आवडतो आणि नेमका तोच डोकेदुखीचा. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा शिओ-मुसुबी (नुसतं मीठ) घ्या, तेही लेबल वाचून. निर्धोक वस्तू: केळी, सोललेले फळांचे डबे, साधं दूध, भाजलेलं रताळं, मीठ लावलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी (मुरवलेली नव्हेत), टोफू. नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) घेतलात तर सोबतची सॉसची पुडी टाकून द्या, तिच्यात मिरिन असू शकतं. दह्यात जिलेटिन घालणाऱ्या कंपन्या आहेत. काउंटरजवळच्या गरम कपाटातल्या कोरोक्के (बटाट्याचे तळलेले वडे) आणि कारा-आगे (तळलेली कोंबडी) यांना हात लावू नका, तळण एकाच तेलात चालतं.

बेकरीतल्या उघड्या पावाला लेबल लावणं बंधनकारक नाही. तिथे नुसतं हसून "बुता नाशी?" (डुक्कर नाही ना?) विचारून काही कळत नाही. पावात डुकराचे तुकडे असतील तर विक्रेता सांगेल, पण चरबी आणि शॉर्टनिंग विक्रेत्यालाही ठाऊक नसतात. लेबलवाला पाकिटबंद पाव घ्या.

कप नूडल्स आणि करीचे ठोकळे यांना तर बघूच नका. करीच्या त्या ठोकळ्यांत गाय आणि डुक्कर यांच्या चरबीचं मिश्रण हा नेहमीचा पाया आहे. गोडात कांतेन, म्हणजे शेवाळाचा जेली, वापरलेलं पारंपरिक मिष्टान्न जिलेटिनपेक्षा भरवशाचं. मात्र दोरायाकीच्या (गोड सारणाच्या छोट्या पॅनकेकच्या) पिठात मिरिन असू शकतं.

मुसाफिर७८६

इकुराची गोष्ट ऐकून पोटात गोळाच आला. आता र्योकानचं सांगा ना कुणीतरी. आणि "निकु नाशी", म्हणजे मांस नको, असं सांगितलं तर काम भागेल का?

सराईवाली_ताई

"निकु नाशी" म्हटलं की वरचे तुकडे काढून देतात, रस्सा तोच राहतो. हॅम, बेकन, हाडांचा सूप हे बऱ्याच स्वयंपाक्यांच्या लेखी "मांस" नसतात. त्यापेक्षा सरळ सांगा: "बुतानिकु तो आरुकोरु गा ताबेरारेमासेन", डुक्कर आणि अल्कोहोल खाता येत नाही. मग विचारा: "मिरिन तो र्योरिशु वा हाइत्ते इमासु का?", म्हणजे यात मिरिन किंवा स्वयंपाकाची साके आहे का, आणि उत्तर ऐकताना चेहरा बघा. तोंडाने श्वास ओढून "चोत्तो..." (जरा...) आलं की ते जेवण जमणार नाही असं समजायचं.

र्योकानला बुकिंगच्या वेळीच आणि लेखी कळवा. संध्याकाळचं काइसेकी जेवण आठ-दहा लहान पदार्थांचं असतं आणि त्यांतल्या बहुतेकांत दारू, मिरिन किंवा दोन्ही. ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाक्याला ते बदलता येत नाही, कारण डाशी आणि रस सकाळीच बनलेले असतात. निदान आठवडाभर आधी ईमेल करा, जपानीत भाषांतर करून. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मिरिन-साके न घालता जेवण होईल का, सोया सॉस आम्ही दिलेला वापराल का, आणि नाहीच जमलं तर "सुदोमारि" म्हणजे जेवणाशिवाय खोली मिळेल का. सुदोमारि स्वस्तही पडतं. डोंगरातल्या गावात संध्याकाळी सातनंतर दुकानं बंद होतात, म्हणून जेवणाशिवाय राहणार असाल तर खाऊ आधी बरोबर घ्या.

शोजिन र्योरि, म्हणजे देवळातलं शाकाहारी जेवण, हे हलाल समजू नका. मांस-मासे नसतात, पण साके आणि मिरिन घालतात. व्हेगन रामेनलाही तेच लागू: मांसाची काळजी मिटते, रसाची मिटत नाही.

नकाशेवाला

हॉटेलांबद्दल. जपानमध्ये हलालसाठी सरकारी कायदा किंवा सरकारी शिक्का नाही. खासगी आणि धार्मिक संस्था प्रमाणपत्र देतात, उदाहरणार्थ जपान मुस्लिम असोसिएशन आणि जपान हलाल असोसिएशन. दारावर "मुस्लिम फ्रेंडली" लिहिलेलं असलं तर तो मालकाचा स्वतःचा दावा असतो. त्यात मांस हलाल, पण बारमध्ये दारू, कढई वेगळी, भांडी एकच, असे अनेक प्रकार येतात. "प्रमाणपत्र कुणाचं, संपूर्ण स्वयंपाकघराचं की काही पदार्थांचं?" एवढं विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

हलाल गुरुमे जपान आणि हलालनावी या दोन ऑनलाइन ठिकाणी शोध घ्या. पण हॉटेलं बंद होतात आणि नोंद तशीच राहते, म्हणून त्याच आठवड्यात गुगल मॅपवरचे ताजे अभिप्राय आणि वेळ बघून निघा. दुपारचं जेवण साधारण अडीचला आटोपतं आणि पाचपर्यंत बऱ्याच ठिकाणी कुलूप. शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी. अब्बांना भूक लागल्यावर शोध सुरू करायचा नाही.

रामेनसाठी टोकियोच्या आसाकुसात नारिताया आहे, आणि होनोलु नावाची हलाल साखळी ओसाकाच्या नाम्बात. सर्वसाधारण रामेन, त्यातही हाकाता पद्धतीचं तोंकोत्सु, डुकराच्या हाडांचंच असतं. "शोयु रामेन" हे नावही फसवं, त्याचा सूप बहुधा कोंबडी आणि डुकराचा. हलाल दुकानात हजार ते दीड हजार येन धरा. करीसाठी कोको इचिबान्याची अकिहाबारातली हलाल शाखा आहे; साखळीच्या नेहमीच्या शाखांना ते लागू नाही. शिबुयात ग्युमोन नावाचं हलाल याकिनिकु (भाजलेल्या मांसाचं हॉटेल) आहे, तिथे टेबलावर स्वतः भाजायचं.

टोकियोच्या शिन-ओकुबो स्टेशनजवळच्या गल्लीत, जिला लोक इस्लामी गल्ली म्हणतात, हलाल किराणा, गोठवलेलं मांस आणि नूडल्स मिळतात. टोकियो जामी मशीद योयोगी-उएहारा इथे, आवारातच हलाल दुकान आहे. कोबेची मशीद १९३५ची, जपानमधली सगळ्यात जुनी, आणि तिच्या आसपासही हलाल दुकानं आहेत. अनोळखी शहरात आधी मशीद शोधा, हॉटेल त्याच्या जवळ घ्या. किराणा आणि हलाल हॉटेल बहुधा तिथेच मिळतं.

शिंकान्सेनमधल्या (बुलेट ट्रेनमधल्या) एकिबेन डब्यांची आशा सोडा, भाताच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक भाजीत गोड रस. गाडीत चढण्याआधी खायचं घेऊन ठेवा.

मुसाफिर७८६

अम्मी म्हणतायत, डबाभर खिमा सुकवून बरोबर घेऊन जाऊ. चालेल का? आणि स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलं तर?

लेबलवाचक

खिमा अजिबात नको. मांस, सॉसेज, सुकं मांस, मांसाचं लोणचं, कशालाही निर्यातदार देशाचं तपासणी प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाकडे ते नसतं. विमानतळावर कुत्रे सामान हुंगतात. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड असू शकतो. ताजी फळं आणि भाजीही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. शाकाहारी तयार पाकिटं, चटणी, मसाले, मांस नसलेलं लोणचं न्यायला हरकत नाही.

घर घेणार असाल तर हलाल मांस शिन-ओकुबोत घ्या, किंवा ग्योमु सुपर या दुकानसाखळीच्या काही शाखांत हलाल खुणेची गोठवलेली कोंबडी मिळते, पाकिटावर खूण स्वतः बघून. तिथली पातेली कुणी डुकरासाठी वापरली असतील. स्वतःचं एक हलकं पातेलं आणि चमचे नेले तर वाद मिटतो. नाहीतर तुमच्या मजहबप्रमाणे धुवा, शाफईंमध्ये सात वेळा आणि त्यातलं एक मातीने. पाक-गोहान, म्हणजे २०० ग्रॅमचं शिजवलेल्या भाताचं डबं, ५०० वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतं. कोंबिनीत घेतलं तर कर्मचारी तिथेच गरम करून देतात.

विमानात मुस्लिम जेवणाची नोंद "एम ओ एम एल" या कोडने होते. बहुतेक कंपन्यांना २४ ते ४८ तास आधी कळवावं लागतं, आणि परतीच्या तिकिटावर ते पुन्हा वेगळं नोंदवलंय का ते तपासा. सोया सॉसची बाटली हातसामानात न्यायची तर १०० मिलीलिटरच्या आतली, नाहीतर मोठ्या बॅगेत प्लास्टिक पिशवी गुंडाळून, झाकणावर टेप लावून.